दादरा-नगर हवेली १९५४ ते १९६१: मान्यता नसलेला देश, की देशच नव्हता?

प्रश्नपेटी

आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजुषेसाठी एक प्रश्न काढलाय: "भारतीय प्रशासकीय सेवेतला अधिकारी एका दिवसासाठी ज्या देशाचा पंतप्रधान झाला, तो देश कोणता?" उत्तर: मुक्त दादरा आणि नगर हवेली, म्हणजे १९५४ मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातून सुटलेला प्रदेश. अधिकारी के. जी. बदलानी, साल १९६१.

यावर समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतात, जगात कुणीही मान्यता दिली नाही, मग देश कसला? दुसरे म्हणतात, मान्यता हा नंतरचा उपचार. जमीन होती, लोक होते, कारभार होता, टपाल तिकिटंसुद्धा होती, म्हणजे देश झालाच.

शिवाय दोन शंका. भारताने सात वर्षं ना मान्यता दिली ना विलीन करून घेतलं, असं का? आणि १९६१ मध्ये विलीनीकरण उरकलं असेल तर १९७४ मध्ये पोर्तुगालने परत कसली मान्यता दिली?

कलम आणि तारखेसकट उत्तर मिळालं तर समितीपुढे ठेवता येईल.

---

कलम_दोन

पहिल्या परीक्षकांचा निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. दुसऱ्यांचं कारण बरोबर, निष्कर्ष चुकीचा.

राज्य (कायद्याच्या भाषेत देश) कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराचं कलम १ सगळे पाठ करतात: कायम लोकसंख्या, ठरावीक भूप्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. कलम ३ फारसं कुणी वाचत नाही. त्यात सरळ लिहिलंय की राज्याचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसतं. हा करार अमेरिका खंडातल्या देशांचा आहे, भारत त्यात नाही, पण या चार कसोट्या आता सगळीकडेच वापरतात. त्यामुळे "मान्यता नाही म्हणून राज्य नाही" एवढ्यावर भागत नाही.

आता कसोट्या लावून बघा.

भूप्रदेश: साधारण ४९१ चौरस किलोमीटर. दादरा हा छोटा तुकडा वेगळा, नगर हवेली वेगळी. लहान असणं किंवा तुकड्यांत असणं आड येत नाही. लोकसंख्येचा प्रश्नच नाही.

सरकार: २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री दादरा, जुलैअखेर नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्टला शरण आला. त्यानंतर वरिष्ठ पंचायत (तिथल्या लोकांचं प्रतिनिधिमंडळ) आणि प्रशासक यांचा कारभार सात वर्षं अखंड चालला. पोर्तुगालला तिथे पुन्हा पाय ठेवता आला नाही. तेव्हा ही कसोटीही पार.

घोडं अडतं ते चौथ्या कसोटीवर. 'संबंध ठेवण्याची क्षमता' याचा व्यवहारातला अर्थ स्वातंत्र्य, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही राज्याच्या हुकमतीखाली नसणं. त्याच्याही आधी एक पायरी आहे: आपण राज्य आहोत असा दावा तरी केला पाहिजे. जी सत्ता स्वतःला राज्य म्हणवत नाही, तिला बाकीच्यांनी बळजबरीने राज्य ठरवायची पद्धत नाही. तैवानबद्दल याच मुद्द्यावर अजून वाद चालतात. दादरा-नगर हवेलीत तर वादाला जागाच नव्हती. 'मुक्त' या शब्दाचा तिथला अर्थ 'पोर्तुगालपासून सुटलेला' असा होता. वेगळं राष्ट्र म्हणून उभं राहायचा इरादा कधीच नव्हता, मागणी पहिल्यापासून भारतात सामील व्हायची होती. १२ जून १९६१ च्या वरिष्ठ पंचायतीच्या ठरावात तीच मागणी औपचारिक शब्दांत आली.

अर्जच केलेला नाही, तर "मंजूर का झाला नाही?" हा प्रश्न उरत नाही.

तिकिटांचं म्हणाल तर पोर्तुगीज भारताच्या तिकिटांवर 'लिबरेटेड एरियाज' असा छाप मारून ती वापरली. छापाचे शब्दच बघा, मुक्त केलेले प्रदेश. तिकीट कारभाराचा पुरावा आहे, सार्वभौमत्वाचा नाही.

---

खलिता

वरच्या उत्तरात एक धागा राहिला, आणि तोच या प्रकरणाचा गाभा आहे. पोर्तुगालची तिथली सत्ता मुळात आली कुठून? पुण्याहून.

१७७९ च्या पुणे तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना १२,००० रुपये वसुलाची गावं लावून दिली, १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती प्रत्यक्ष हवाली झाली. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा ठोकला, तेव्हा हाच तह पुढे केला: आम्हाला सार्वभौमत्व मिळालं, तेव्हा दमणहून तिथपर्यंत जाण्या-येण्याचा हक्कही आमचा. तारीख बघण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व १४ डिसेंबरला, न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याची घोषणा १९ ला, आणि लगेच तिसऱ्या दिवशी दावा.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तहाचा अर्थ आपल्याकडचा कुणीही मोडी वाचणारा लावेल तसाच लावला. हे सरंजाम किंवा जहागीर आहे, वसुलाचा हक्क आहे, राज्य तोडून दिलेलं नाही. मराठ्यांना मुलूख कायमचा द्यायचा असे तेव्हा तहाची भाषा वेगळी असे, हेही न्यायालयाने नोंदवलं.

इथवर वाचून अनेक जण "पोर्तुगाल हरला" म्हणून थांबतात. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज आले, त्यांना पोर्तुगीज त्या गावांत बसलेले दिसले. मराठ्यांचे वारस म्हणून त्यांनी त्या गावांवर सार्वभौमत्वाचा दावा केला नाही, पोर्तुगीजांना मालक समजून कारभार केला. न्यायालयाच्या मते इंग्रजांनी वागणुकीतून पोर्तुगीज सार्वभौमत्वाला मान्यता दिली आणि पुढे भारतानेही ती मूकपणे चालू ठेवली.

थोडक्यात, तहाने जे मिळालं नाही ते मान्यतेने मिळालं. मान्यता म्हणजे नुसता कागदी उपचार, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

बाकी निकाल असा: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना १९५४ मध्ये जाण्या-येण्याचा हक्क होता (११ विरुद्ध ४). सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हता (८ विरुद्ध ७). आणि भारताने कुठलंही बंधन मोडलेलं नाही (९ विरुद्ध ६). भारतातर्फे तदर्थ, म्हणजे या खटल्यापुरते, न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला.

जाता जाता: सिल्वासाच्या मोहिमेत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हा प्रश्न तुमच्या मंजुषेत जास्त शोभेल.

---

तळटीप

सात वर्षं का थांबले, याचं उत्तर खलितांच्या तारखांमध्येच आहे. डिसेंबर १९५५ ते एप्रिल १९६० दावा चालू होता. भारताचा बचाव असा की उठाव तिथल्या लोकांनी केला, आम्ही फक्त तणाव वाढू नये म्हणून आमच्या हद्दीतून जाणं-येणं थांबवलं. दाव्याच्या मधेच प्रदेश पोटात घातला असता तर हा बचाव स्वतःच्याच हाताने मोडला असता. निकाल लागल्यावर सव्वा वर्षात विलीनीकरण झालं, हा काही योगायोग नाही.

मग विलीन नाही तर निदान मान्यता का नाही? कारण ती दोन्हीकडून अंगाशी आली असती.

एक, अवेळी मान्यता. मूळ राज्याचा दावा जिवंत असताना फुटून निघालेल्या भागाला घाईने मान्यता देणं हा मूळ राज्याच्या कारभारात हस्तक्षेप समजतात. १९७१ चं उदाहरण घ्या. बांगलादेशचं हंगामी सरकार १७ एप्रिलला शपथ घेऊन मान्यता मागत होतं. भारताने ती दिली ६ डिसेंबरला, युद्ध ३ तारखेला सुरू झाल्यानंतर. त्याच दिवशी पाकिस्तानने राजनैतिक संबंध तोडले. मधले साडेसात महिने निर्वासितांना आसरा मिळाला, मुक्तिवाहिनीला मदत मिळाली, फक्त मान्यतेचा कागद तेवढा राखून ठेवला होता.

दोन, गोव्याबद्दलची भूमिका. गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेली हे भारताचेच भाग आहेत, परकी सत्तेने अडवलेले, असं दिल्लीचं म्हणणं. त्यातल्या एका तुकड्याला वेगळं राज्य म्हणून मान्यता दिली की "हे वेगळे देश होऊ शकतात" ही कबुली आपसूक दिली जाते. पुढे गोव्यात कुणी तोच युक्तिवाद केला तर काय सांगणार?

पाँडिचेरीशी ताडून पाहा म्हणजे फरक कळेल. तिथे मूळ मालक राजी होता. १ नोव्हेंबर १९५४ ला प्रत्यक्ष ताबा, २८ मे १९५६ ला हस्तांतराचा करार, १६ ऑगस्ट १९६२ ला मंजुरीच्या कागदांची देवघेव. ताबा आधी, कायदेशीर हक्क आठ वर्षांनी, आणि मधल्या काळात कुणी "पाँडिचेरी देश होता का?" असं विचारत नाही.

आता मान्यतेचा व्यवहारातला परिणाम, कारण समितीत कुणीतरी "फरक काय पडतो" विचारणारच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८७-अ काढा. 'परकीय राज्य' म्हणजे भारताबाहेरचं असं राज्य ज्याला केंद्र सरकारने मान्यता दिली आहे. मान्यता आहे की नाही याची न्यायालयाने स्वतःहून दखल घ्यायची आहे, पुरावे तपासून स्वतःचं मत बनवायचं नाही. परकीय राज्यावर दावा लावायचा तर कलम ८६ खाली केंद्राची लेखी संमती लागते. म्हणजे मॉन्टेव्हिडिओच्या चारही कसोट्या पार केलेली पण दिल्लीने न मानलेली सत्ता मुंबईच्या न्यायालयात आली, तर हे संरक्षण तिला मिळत नाही. बाहेरच्या जगात मान्यता फक्त असलेली स्थिती जाहीर करत असेल, पण देशातल्या न्यायालयात तीच स्थिती घडवते. मान्यता स्थिती जाहीर करते की घडवते, या दोन सिद्धांतांचं भांडण पुस्तकात जितकं मोठं दिसतं तितकं इथे उरत नाही.

आणखी एक गल्लत नेहमी होते: मान्यता वेगळी, राजनैतिक संबंध वेगळे. भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० ला. १९५३ पासून मुंबईत त्यांची वाणिज्य वकिलात होती, पण दूतावास उघडण्याजोगे पूर्ण संबंध जुळले २९ जानेवारी १९९२ ला. संबंधांना १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २ प्रमाणे दोघांची संमती लागते, मान्यता एकट्याने देता येते.

---

प्रश्नपेटी

तिघांचेही आभार. पण माझा मूळ काटा तसाच आहे. बदलानींनी पंतप्रधान म्हणून पंडित नेहरूंबरोबर करारावर सही केली असं सगळीकडे छापलंय. करार दोन राज्यांतच होतो ना? मग भारताने सही केली त्या क्षणी गर्भित मान्यता दिली, असं का नाही धरायचं? निदान एका दिवसापुरता तरी देश?

---

कलम_दोन

युक्तिवाद चलाख आहे, पण टिकत नाही.

गर्भित मान्यता हा प्रकार खराच आहे. राजदूत नेमणं, मैत्रीचा किंवा व्यापाराचा सर्वसाधारण द्विपक्षीय करार करणं, यातून ती निघते. पण तिचा प्राण हेतूत आहे. मान्यता द्यायचा इरादा नव्हता हे परिस्थितीवरून स्पष्ट असेल तर सहीतून ती निघत नाही. युद्धबंदीवर बंडखोरांबरोबर सही होते, म्हणून ते राज्य होत नाहीत. इथे तर कागदाचा हेतूच समोरची बाजू संपवण्याचा होता.

दुसरं, समोरच्या बाजूने सही करणारा माणूस भारत सरकारचाच नोकर. चौथ्या कसोटीचं, म्हणजे स्वातंत्र्याचं, यापेक्षा उघड खंडन शोधून सापडणार नाही! मांचुकुओचं जे झालं तेच. १९३२ मध्ये जपानने चीनच्या मांचुरियात हे सरकार बसवलं, मंत्र्यांमागे जपानी अधिकारी होते, आणि राष्ट्रसंघाच्या लिटन आयोगाने ते स्वतंत्र राज्य मानलं नाही.

तिसरं, हा प्रदेश भारतात घेणाऱ्या दहाव्या घटनादुरुस्तीच्या विधेयकाला जोडलेलं उद्देशांचं निवेदन वाचा. त्यात विलीनीकरणाचा आधार म्हणून लोकांची वारंवार व्यक्त झालेली इच्छा आणि वरिष्ठ पंचायतीचा १२ जूनचा ठराव दिलाय. संसदेपुढे सरकारने 'त्या देशाशी केलेला करार' हा आधार ठेवला नाही. तसा देश दिल्लीने मानला असता तर तोच आधार सगळ्यात आधी आला असता.

---

तळटीप

मांचुकुओची तुलना मला पटत नाही. तिथे परकी फौज घुसून मूळ लोकांच्या इच्छेविरुद्ध सत्ता बसवली गेली, आणि अशा बळजबरीला मान्यता न देण्याचं धोरण अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री स्टिमसन यांनी जाहीर केलं होतं. इथे उलट, वसाहतीची सत्ता गेली होती आणि लोकांना शेजारच्या देशात जायचं होतं. १५ डिसेंबर १९६० च्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 'गोवा आणि अंकित प्रदेश' हा मुलूख अस्वशासित, म्हणजे वसाहत, ठरवला होता. स्वयंनिर्णयात स्वतंत्र होणं जसं येतं तसं दुसऱ्या राज्यात सामील होणंही येतं. स्वातंत्र्याची कसोटी नापास, एवढं मान्य. पण 'कळसूत्री राज्य' हा शिक्का इथे बसत नाही, कारण मुळात राज्याचं सोंगच कुणी घेतलं नव्हतं.

बदलानींच्या नेमणुकीकडे मी कारकुनी सोय म्हणून बघतो. कागदावर दोन सह्या हव्या होत्या, दुसरी करायला अधिकारपदावरचा कुणीतरी हवा होता.

---

कलम_दोन

शिक्का मागे घेतो, कसोटीचा निकाल तोच ठेवतो.

---

खलिता

१९७४ चं राहिलंच होतं.

११ ऑगस्ट १९६१ पासून भारताच्या दृष्टीने विषय मिटला. दहावी घटनादुरुस्ती त्याच तारखेपासून अमलात धरली आहे, दादरा-नगर हवेली पहिल्या परिशिष्टात केंद्रशासित प्रदेश म्हणून गेली, अनुच्छेद २४० मध्येही नाव आलं. नागरिकत्वासाठी १९६२ मध्ये वेगळा आदेश काढावा लागला. पण पोर्तुगालच्या १९३३ च्या राज्यघटनेत हा सगळा मुलूख पोर्तुगीजच होता. सालाझारची राजवट तो सोडायला कधीच तयार नव्हती. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, २७ जुलैला वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य करणारा कायदा झाला, आणि ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे मारिओ सोआरेस, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. अंमल ३ जून १९७५ पासून.

पहिलं कलम फार काळजीने लिहिलेलं आहे. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे प्रदेश भारताचे भाग झालेलेच आहेत हे पोर्तुगाल मान्य करतो, आणि भारतीय राज्यघटनेनुसार ते ज्या ज्या तारखेला भारताचे भाग झाले त्या तारखांपासून भारताचं पूर्ण सार्वभौमत्व मानतो. म्हणजे मान्यता पूर्वलक्षी. पोर्तुगालने १९७४ मध्ये प्रदेश दिला असं नाही, आधीच गेलेला प्रदेश गेल्याचं कबूल केलं.

याचा फायदा व्यवहारी आहे. मान्यता सहीच्या तारखेपासून लागू झाली असती तर १९६१ ते १९७४ मधली तिथली मालमत्ता, नागरिकत्व, न्यायालयांचे निकाल या सगळ्यावर पोर्तुगीज न्यायालयांत प्रश्न उभे करता आले असते.

तारखांवरून प्रश्न काढणार असाल तर इथे भले भले फसतात. गोवा मुक्तिदिन १९ डिसेंबर, पण गोव्यासाठीची बारावी घटनादुरुस्ती अमलात धरली आहे २० डिसेंबर १९६१ पासून. दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन २ ऑगस्ट (१९५४), घटनात्मक तारीख ११ ऑगस्ट १९६१. कराराच्या कलमाला लागू होतात त्या घटनात्मक तारखा. यातून एक गंमत निघते: २ ऑगस्ट १९५४ ते ११ ऑगस्ट १९६१ एवढा काळ कुठल्याच कागदात भारताचा म्हणून येत नाही. सार्वभौमत्व कागदावर पोर्तुगालचं, ताबा वरिष्ठ पंचायतीचा. न्यायालयानेही १९६० मध्ये पोर्तुगालची सत्ता उलथल्याचं नोंदवलं, पण तिथे नवं राज्य जन्मलं असं कुठे म्हटलं नाही.

---

प्रश्नपेटी

म्हणजे प्रश्नातला 'देश' काढायचा. "एका दिवसासाठी ज्या मुक्त प्रदेशाचा पंतप्रधान म्हणून भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली, तो प्रदेश कोणता?" असं चालेल? समितीतले दुसरे परीक्षक यावर "मग भारताने एकदा दिलेली मान्यता काढून घेतली असं कधी झालंय का?" असा उपप्रश्न घालू म्हणतायत.

---

तळटीप

प्रश्न चालेल. उपप्रश्नाचं उत्तर हो: सहारवी अरब लोकशाही प्रजासत्ताक, म्हणजे पश्चिम सहारा. मान्यता १९८५ मध्ये, काढून घेतली २००० मध्ये. मॉन्टेव्हिडिओचं कलम ६ मान्यता परत घेता येत नाही म्हणतं, त्यामुळे कुणीतरी हरकत घेईलच. तेव्हा हे कलम भारताला बांधील नाही हे उत्तरपत्रिकेत आधीच लिहून ठेवा.